काचेतले पक्षी, तळ्यावरचे पक्षी

गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने तो बांधला, असे इथली परंपरा सांगते. तीन बाजूंनी डोंगर आणि हिवाळ्याच्या पहाटे पाण्यावर उतरलेले धुके. ते विरू लागले की दूरदेशीची बदके दिसू लागतात. या परिसरातल्या पक्षी अभयारण्याला डॉ. सालिम अली यांचे नाव देण्यात आले आहे. सहलीला येणाऱ्या शाळकरी मुलांना ते नाव पाठ असते. पक्ष्यांचे फार मोठे अभ्यासक, एवढीच ओळख. पण या माणसाची पक्ष्यांशी संबंधित पहिली नोकरी मुंबईच्या एका वस्तुसंग्रहालयातली होती आणि पैशाअभावी ती जागाच रद्द झाली, हे सहसा कोणी सांगत नाही.

सालिम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. वर्षभरात वडील गेले, तीन वर्षांचे असताना आईही गेली. खेतवाडीत राहणारे मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमिदाबेगम यांनी या पोरक्या भावंडांना वाढवले. घरात शिकारीचा नाद होता. दहा-बारा वर्षांच्या सालिमने छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. हा कोणता पक्षी, हे घरात कोणाला सांगता येईना. मामा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. त्यांनी भाच्याला सोसायटीचे चिटणीस मिलार्ड यांच्याकडे धाडले. मिलार्ड यांनी पक्षी ओळखला, पेंढा भरलेल्या पक्ष्यांनी गच्च भरलेले खण एकामागून एक उघडून दाखवले आणि मुलापुढे एक जगच खुले झाले. एका मोठ्या माणसाने एका मुलाला वेळ दिला, एवढीच ती घटना!

पुढची वाट मात्र सरळ नव्हती. शिक्षण अर्धवट सोडून ते ब्रह्मदेशात कुटुंबाच्या खाणीच्या आणि लाकडाच्या व्यवसायात गेले. धंद्यापेक्षा तिथल्या जंगलातच मन अधिक रमले. परतल्यावर मुंबईत व्यापारविषयक शिक्षण आणि जोडीला सेंट झेवियर्समध्ये प्राणिशास्त्राचे थोडे धडे घेतले. १९१८ मध्ये तेहमिना यांच्याशी विवाह झाला. पदवी हाती नसल्यामुळे पक्षिशास्त्राची सरकारी नोकरी हुकली. अखेर १९२६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या नव्या निसर्गविज्ञान विभागात दरमहा ३५० रुपयांवर मार्गदर्शक-व्याख्याता म्हणून जागा मिळाली. हेच आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. एका दालनात लघुचित्रे आणि प्राचीन मूर्ती, तर दुसर्‍यात पशुपक्ष्यांचे नमुने. काचेपलीकडचा निश्चल पक्षी कुठे राहतो, काय खातो, कधी येतो, हे मुलांना आणि प्रेक्षकांना समजावून सांगण्याचे हे काम. वस्तुसंग्रहालयाने समाजाला निसर्ग शिकवावा, हा विचार आज जगभर नवा म्हणून मांडला जातो. मुंबईत तो शंभर वर्षांपूर्वी पगारी पदाच्या रूपाने अस्तित्वात होता.

१९२८ मध्ये रजा घेऊन ते बर्लिनच्या प्राणिशास्त्रविषयक वस्तुसंग्रहालयात, एर्विन श्ट्रेझमान यांच्यापाशी शिकायला गेले. १९३० मध्ये परतले तेव्हा म्युझियमकडे पैसे नव्हते आणि व्याख्यात्याचे पद रद्द झाले होते. चौतिशीतला, उच्च प्रशिक्षण घेतलेला माणूस बेकार झाला. मुंबईत राहणे परवडेना, म्हणून पतिपत्नींनी अलिबागजवळच्या किहीमला, तेहमिना यांच्या माहेरच्या घरी मुक्काम हलवला.

तिथे घराजवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती. सालिम अली आडोशाला बसून दिवसचे दिवस ती पाहत राहिले. त्यातून जे हाती आले त्याने अभ्यासक चकित झाले. नर अनेक अर्धवट घरटी विणतो, मादी येऊन पाहणी करते, पसंत पडले तर राहते. मग नर ते पुरे करून दुसर्‍या घरट्याला आणि दुसर्‍या मादीसाठी हात घालतो. आपल्या भाषेने या पक्ष्याला सुगरण म्हणून विणकामाचे श्रेय मादीला देऊन टाकले आहे; किहीमच्या त्या झाडाने ते नराला परत केले. नोकरी गेली नसती तर हे निरीक्षण झाले असते का, कोण जाणे.

मग संस्थानांच्या पक्षी-पाहण्यांचे दिवस आले. त्यांनी हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन असे मुलूख पायाखाली घातले. बैलगाडी, तंबू, तुटपुंजा निधी आणि व्यवस्था सांभाळायला तेहमिना सोबत. १९३९ मध्ये एका शस्त्रक्रियेनंतर तेहमिना गेल्या. सालिम अलींनी पुन्हा लग्न केले नाही; उरलेले आयुष्य कामाला वाहिले. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे सचित्र पुस्तक निघाले आणि सामान्य माणसाच्या हाती पक्षी ओळखण्याची किल्ली आली. पुढे अमेरिकेच्या डिलन रिप्ली यांच्यासह त्यांनी दहा खंडांचा पक्षिकोश सिद्ध केला. १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळाले. त्याच सुमारास मिळालेल्या गेटी पारितोषिकाची ५० हजार डॉलरची रक्कम त्यांनी सोसायटीला निसर्गरक्षणासाठी देऊन टाकली. १९८५ मध्ये राज्यसभेवर त्यांची नियुक्ती झाली. १९८७ च्या जूनमध्ये मुंबईत त्यांनी देह ठेवला.

ही यशाची यादी झाली. त्यांच्या एका चुकीचाही हिशेब मांडायला हवा. भरतपूरची पाणथळ जागा शेतीसाठी मोडली जाऊ नये म्हणून ते थेट पंडित नेहरूंपर्यंत गेले आणि ती वाचली. पण तिथे गुरांना चराईबंदी करण्याच्या धोरणालाही त्यांचा पाठिंबा होता. १९८२ मध्ये बंदी आली, संघर्ष झाला, पोलिसांच्या गोळीबारात गावकरी मारले गेले. नंतर त्यांच्याच सोसायटीच्या दीर्घ अभ्यासाने दाखवून दिले, की म्हशी चरायच्या थांबल्यामुळे गवत माजले आणि पाणपक्ष्यांचीच जागा आकसली. तळे आणि माणूस यांची ताटातूट केली तर तळेही टिकत नाही.

गोंदियाला हा धडा नवा नाही. इथले मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, कोहळ्यांनी बांधले, शेतकर्‍यांनी वापरले, ढिवरांनी मासेमारी करून जागते ठेवले. महाराष्ट्रात सारस पक्षी वीण करतो तो मुख्यतः याच भागात, तोही भाताच्या बांध्यांत घरटे करून. उभा राहिला तर माणसाच्या उंचीचा हा पक्षी शेतकर्‍याच्या भरवशावर अंडी घालतो. आज तो मोजकाच उरला आहे. विजेच्या तारा, कीटकनाशके, गाळाने भरलेले तलाव आणि बेभरवशाचा झालेला पाऊस अशी संकटे त्याच्यापुढे आहेत. घरट्यापुरता धानाचा तुकडा न कापता सोडणारा शेतकरीच त्याचा खरा रक्षक.

मग वस्तुसंग्रहालयाचे काम काय? नमुन्याच्या पायाला बांधलेली चिठ्ठी. पक्षी कोणत्या दिवशी, कोणत्या गावी मिळाला, हे ती सांगते. चिठ्ठी नसेल तर नमुना केवळ शोभेचा. १९६७ मध्ये ब्रिटनमध्ये जुन्या संग्रहांतल्या अंड्यांची कवचे तपासली, तेव्हा डीडीटीच्या काळात ती पातळ झाल्याचे उघड झाले. शिकागोच्या संग्रहालयात १९७८ पासून जमवलेले ७० हजारांहून अधिक पक्षी मोजल्यावर, तापमान वाढत गेले तसतशी स्थलांतरितांची शरीरे लहान होत गेल्याचे दिसले. हवामान बदलाची साक्ष अशी खणात मिटून पडलेली असते. ती वाचून दाखवणारा माणूस लागतो. सालिम अलींचे रद्द झालेले पद नेमके तेच होते.

२०१५ पासून मुंबईच्या त्या संग्रहालयाची बस गावोगावी, शाळांच्या दारी जाते आहे. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. त्याची सुरुवात, नवेगावबांधच्या रानात वर्षानुवर्षे काम केलेल्या मारुती चितमपल्लींच्या जन्मदिनी होते आणि सांगता सालिम अलींच्या. या आठवड्यात गोंदियाच्या शाळांनी मुलांना आधी तळ्यावर न्यावे, ढिवराला आणि धान पिकवणार्‍याला व्याख्याता करावे. पाहिलेला पक्षी, तारीख आणि तलावाचे नाव प्रत्येक मुलाने वहीत टिपावे. शंभर वर्षांनी त्या वह्या कोणी उघडील तेव्हा सारस बांध्यांत असावा. काचेआड उभा राहिलेला सारस दाखवण्याची वेळ कोणत्याही व्याख्यात्यावर येऊ नये.