रत्नागिरीचा थिबा पॅलेस खरंतर एका राजाचा तुरुंग होता

रत्नागिरीला गेलात की थिबा पॅलेस बघणं आलंच. कौलारू छपरं, अर्धगोल नक्षीदार खिडक्या. कुणा राजाने हौसेने बांधला असेल असं वाटतं ना? पण विषय उलटा आहे. हा वाडा इंग्रजांनी बांधला, तो आपल्या कैद्यासाठी.

थिबा हा ब्रह्मदेशाचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा शेवटचा राजा. जन्म १८५९ चा. वडील मिंडन गेल्यावर १८७८ मध्ये, वयाच्या १९ व्या वर्षी तो मंडालेच्या गादीवर बसला. पुढच्याच वर्षी राजघराण्यातल्या कित्येक भाऊबंदांची कत्तल झाली. त्यामागे राणी सुपायलत आणि तिच्या आईचा हात होता असं मानलं जातं, पण राजा म्हणून नाव थिबाचंच खराब झालं.

इंग्रजांचा डोळा ब्रह्मदेशावर होताच, त्यात थिबाची फ्रेंचांशी जवळीक वाढत होती. १८८५ मध्ये त्याच्या दरबाराने बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या सागवानाच्या कंपनीला मोठा दंड ठोकला आणि इंग्रजांना निमित्त मिळालं. युद्ध जेमतेम दोन आठवडे चाललं. नोव्हेंबर संपायच्या आत राजा-राणी बोटीवर होते.

आधी मद्रास, मग एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरी.

रत्नागिरीच का? कारण तिथे रेल्वे नव्हती आणि पावसाळ्यात बोटीही बंद. तिथून पळून जाणार कुठे? गंमत बघा, दिल्लीच्या बहादूरशहा जफरला याच इंग्रजांनी रंगूनला नेऊन ठेवलं होतं.

इथे राजाला पेन्शन होती, पण ती पुरायची नाही. मंडालेहून आणलेले दागिने एकेक करून विकले गेले. परवानगीशिवाय बाहेर पडायची सोय नव्हती. राजकन्या मोठ्या झाल्या, पण त्यांच्या तोलामोलाची स्थळं कोकणात आणायची कुठून? थोरलीचे सूर वाड्यावरच्या गोपाळ सावंत या नोकराशी जुळले. त्यांची मुलगी टूटू पुढे आयुष्यभर रत्नागिरीत, गरिबीत राहिली.

नवा वाडा तयार व्हायला १९१० उजाडलं. म्हणजे सुटका नाहीच, हे एव्हाना राजालाही कळलं असणार. डिसेंबर १९१६ मध्ये तो वारला. सुपायलतला त्याचा देह मायदेशी न्यायचा होता, सरकारने नकार दिला. १९१९ मध्ये राजाचं रत्नागिरीतच दफन झालं आणि त्याच वर्षी ती रंगूनला परतली, एकटी राणी म्हणून.

२०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीत त्या समाधीवर येऊन गेले. समाधी अजून तिथेच आहे.