नर्गिसची कावीळ

मैत्रिणींनो, ‘मदर इंडिया’ न पाहिलेली बाई आपल्यात क्वचितच सापडेल. चिखलात नांगर ओढणारी, दोन मुलांना हिमतीनं वाढवणारी ती राधा, म्हणजेच नर्गिस.

१९२९ च्या जूनमध्ये कोलकात्यात ती जन्मली. खरं नाव फातिमा रशीद. आई जद्दनबाई नावाजलेली गायिका, सिनेमाला संगीत देणाऱ्या आपल्याकडच्या पहिल्या काही स्त्रियांपैकी एक. सहाव्या वर्षीच ही मुलगी पडद्यावर आली आणि १९४३ च्या ‘तकदीर’मध्ये नायिका झाली. पुढे ‘बरसात’, ‘आवारा’, ‘श्री ४२०’ आले. १९५७ च्या ‘मदर इंडिया’च्या चित्रीकरणात ती आगीत सापडली, तेव्हा सुनील दत्त यांनी तिला बाहेर काढलं. १९५८ मध्ये दोघांचं लग्न झालं. मग तीन मुलं, संसार आणि अपंग मुलांच्या संस्थेचं काम. सिनेमा तिनं जवळजवळ सोडलाच. मला तर पडद्यावरच्या राधेपेक्षा ही घरातली नर्गिस जास्त जवळची वाटते.

१९८० साली ती राज्यसभेवर गेली आणि त्याच वर्षी आजारी पडली. आधी वाटलं, कावीळ आहे. पण वजन उतरत चाललं आणि तपासण्यांमध्ये स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग रुग्णालयात उपचार झाले, पुन्हा पुन्हा ऑपरेशनं झाली. सुनील दत्त तिच्या उशापायथ्याशी होते. ती मुंबईला परत आली खरी, पण ३ मे १९८१ रोजी गेली. वयाची बावन्न वर्षंही पुरी व्हायची होती. त्याच आठवड्यात मुलाचा, संजयचा पहिला सिनेमा ‘रॉकी’ लागला. त्या खेळाला तिच्यासाठी एक खुर्ची रिकामी ठेवली होती.

हे सांगायचं कारण ती कावीळ. स्वादुपिंड पोटात खोल, जठराच्या मागे असतं. तिथली गाठ हाताला लागत नाही. तिनं पित्ताची नळी दाबली की डोळे पिवळे होतात. म्हणजे कावीळ हा तिथे आजार नसतो, आजाराची खूण असते. आमच्या बचत गटातल्या एकीनं दोन महिने गळ्यात काविळीची माळ घातली, नाकात कसलासा रस सोडला. तिला आम्ही सोनोग्राफीला नेलं तेव्हा गाठ पसरलेली होती. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही, तिच्या आईनं आणि आजीनंही तेच केलं असतं.

कावीळ झाली, पण ताप नाही, दुखत नाही, नुसती अंगाला खाज सुटते, शौचाला पांढरट, मातकट होतं, लघवी गडद होते आणि वजन घटतं, तर माळ राहू द्या, आधी सोनोग्राफी करा. गरज पडली तर डॉक्टर सीटी स्कॅन सांगतात. वरच्या पोटातलं दुखणं पाठीत जात असेल किंवा पन्नाशीनंतर अचानक साखर वाढली आणि अंगही उतरलं, तरी विचारून घ्या. गाठ पसरलेली नसेल तर मोठं ऑपरेशन करून काढता येते, पुढे केमोथेरपी देतात. काढता आली नाही तरी दुर्बिणीतून नळी बसवून पित्ताला वाट करून देता येते. खाज थांबते, बाईला झोप लागते, ही काही थोडी गोष्ट नाही.

घास छातीत अडकणं, काळी शौच, शौचातून रक्त पडणं यांनाही आपण ‘पित्त’ नाहीतर ‘मूळव्याध’ म्हणून मोकळ्या होतो. दोन-तीन आठवड्यांत थांबलं नाही तर दुर्बिणीची तपासणी करायला हवी. आणि हो, मिश्रीची डबी! तंबाखूच ती. तोंडाला, अन्ननलिकेला बाधते.

नर्गिस गेल्यावर सुनील दत्त यांनी तिच्या नावानं कॅन्सरच्या कामाला पैसा उभा केला. सोलापूर जिल्ह्यात बार्शीला तिच्याच नावाचं कॅन्सर हॉस्पिटल आहे. आमच्याकडून बायका तिथे एसटीनं जातात. दारावरचं नाव वाचून त्यातली एखादी हमखास विचारते, ही ‘मदर इंडिया’तलीच ना?