ए, बी, सी, डी सोडून पी, क्यू, आर, एस, टी!

आमच्या ग्रुपला मिनी प्रोजेक्ट मिळाला तो ईसीजीचा. सॉफ्टवेअरमध्ये नोंद उघडायची, स्क्रीनवर हृदयाच्या ठोक्यांची पट्टी सरकते, प्रोग्रॅम एकेक ठोका शोधून त्यावर लेबल लावतो. आपण ते लेबल तपासायचं आणि चुकलं असेल तर बदलायचं. आम्ही काय केलं? दोन मिनिटं पाहिलं, सगळी लेबलं सरसकट मान्य केली आणि मेस बंद व्हायच्या आत जेवायला पळालो. वायव्हाला सरांनी एकच प्रश्न विचारला. ईसीजीतल्या लाटांना पी, क्यू, आर, एस, टी म्हणतात, मग सुरुवात ए पासून का नाही? चौघंही गप्प!

उत्तर शोधता शोधता विलेम आइंटहोव्हेन भेटला.

त्याचा जन्म २१ मे १८६० चा, जावा बेटावरच्या सेमारंग गावचा. तेव्हा तिथे डचांचं राज्य होतं. वडील डॉक्टर, पण विलेम लहान असतानाच ते गेले. १८७० मध्ये आई सहा मुलांना घेऊन हॉलंडमध्ये उत्रेख्तला आली. तिथेच तो मेडिकलला गेला. अभ्यासाइतकाच खेळातही पुढे, म्हणजे जिम्नॅस्टिक्स, तलवारबाजी, नाव वल्हवणं, सगळं चालू. एकदा पडून मनगट मोडलं. आपण असतो तर सर्टिफिकेट जोडून सबमिशनची तारीख वाढवून घेतली असती. या पठ्ठ्याने घरी बसून हात फिरतो कसा याचाच अभ्यास केला आणि त्यावर लेख लिहिला! वयाच्या पंचविशीत तो लायडन विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्राचा प्राध्यापक म्हणून नेमला गेला.

त्याच सुमारास, १८८७ साली, लंडनमध्ये ऑगस्टस वॉलरने माणसाच्या हृदयातली वीज शरीराबाहेरून नोंदवून दाखवली. उपकरण साधंच होतं. बारीक काचेच्या नळीत पारा आणि सल्फ्युरिक आम्ल. व्होल्टेज बदललं की पारा हलायचा आणि त्याची सावली सरकत्या फोटोप्लेटवर उमटायची. अडचण एकच, पारा जड आणि आळशी. ठोका होऊन जायचा आणि पारा मागून रेंगाळत यायचा. कंट्रोल सिस्टिम्स शिकलेल्यांना कळलंच असेल, टाइम कॉन्स्टंट मोठा! प्लेटवरची रेघ हृदयाची कमी आणि पाऱ्याची जास्त.

दुसऱ्या कोणी तीच रेघ खरी मानून पेपर छापला असता. आइंटहोव्हेन डॉक्टर असूनही त्याने गणित आणि भौतिकशास्त्र मुळापासून पक्कं केलं. रेघेवरच्या एकेका बिंदूपाशी उतार मोजायचा आणि पारा झटकन हलला असता तर रेघ कशी आली असती हे हाताने काढायचं. आज हे काम डिजिटल फिल्टर क्षणात करतो. कच्च्या रेघेतल्या लाटांना ए, बी, सी, डी ही नावं होतीच. १८९५ मध्ये दुरुस्त केलेल्या रेघेला त्याने वेगळी अक्षरं दिली, पी, क्यू, आर, एस, टी. दोन रेघांची गल्लत नको म्हणून. म्हणजे ही अक्षरं यंत्राने दिलेली नाहीत. यंत्राची चूक काढून टाकल्यावर जे उरलं, त्याची ती नावं आहेत.

पण अशी आकडेमोड जन्मभर कोण करणार? त्याने उपकरणच नवं बांधलं, स्ट्रिंग गॅल्व्हानोमीटर. जबरदस्त विद्युतचुंबकाच्या मध्ये चांदीचा मुलामा दिलेला क्वार्ट्झचा धागा, केसापेक्षा कितीतरी बारीक. धागा ओढायची युक्ती ऐका, वितळलेला क्वार्ट्झ बाणाला चिकटवायचा आणि धनुष्यातून बाण सोडायचा! यंत्राचं वजन सुमारे २७० किलो, चालवायला पाच माणसं. रुग्ण दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसायचा. १९०३ मध्ये या यंत्राच्या नोंदी छापून आल्या आणि धाग्याने काढलेली रेघ हाताने काढलेल्या रेघेशी जुळली. आठ वर्षांपूर्वीचं गणित बरोबर निघालं होतं.

एवढं धूड हॉस्पिटलात नेणं शक्य नव्हतं. मग हॉस्पिटलपासून लॅबपर्यंत दीड किलोमीटर तार जोडली. १९०५ पासून रुग्ण तिकडे आणि नोंद इकडे. त्याने ठरवलेली मापं, सेकंदाला २५ मिलिमीटर आणि एका मिलिव्होल्टला १ सेंटिमीटर, आजही ईसीजीच्या कागदावर तशीच आहेत.

१९२४ मध्ये त्याला नोबेल मिळालं. असं सांगतात की यंत्र बांधायला मदत केलेल्या लॅबमधल्या जुन्या सहकाऱ्याचा त्याने शोध घेतला. तो हयात नव्हता. त्याच्या दोन बहिणी हलाखीत राहत होत्या, तेव्हा बक्षिसाची निम्मी रक्कम त्याने त्यांना दिली. आपल्या लॅबमधल्या मामांची नावं प्रोजेक्ट रिपोर्टच्या आभाराच्या पानावर किती जण लिहितात, हे ज्याचं त्याने आठवावं. २९ सप्टेंबर १९२७ ला लायडनला त्याचं निधन झालं.

आता परत आमच्या प्रोजेक्टकडे. आमच्या नोंदी एमआयटी-बीआयएच संग्रहातल्या होत्या. १९८० मध्ये तो इतरांना वापरायला मिळाला. अर्ध्या-अर्ध्या तासाच्या ४८ नोंदी, सेकंदाला ३६० सॅम्पल्स. तो तयार करताना आधी यंत्राने सापडलेल्या प्रत्येक ठोक्यावर नॉर्मल असाच शिक्का मारला होता. मग प्रत्येक नोंदीच्या दीडशे फुटी कागदाच्या दोन सारख्या प्रती काढल्या आणि दोन हृदयरोगतज्ज्ञांनी त्या स्वतंत्रपणे तपासल्या. सुटलेले ठोके घातले, खोटे काढले, चुकीची लेबलं बदलली. जिथे मतभेद झाले तिथे चर्चा करून निर्णय घेतला. सुमारे १,१०,००० लेबलं अशी तयार झाली.

हे वाचल्यावर आम्ही फाइल पुन्हा उघडली. एका नोंदीत आमचा प्रोग्रॅम उंच टी लाटेलाच आर समजून एक ठोका दोनदा मोजत होता. माणूस ठणठणीत, आणि आमच्या रिपोर्टात त्याच्या नाडीचा वेग दुप्पट! या वेळी एकेक ठोका पाहत बसलो. रात्रीचे दोन वाजले, मेस तर केव्हाच बंद झाली होती.