डॉन बॉस्कोंचा स्टॅम्पपेपर



डॉन बॉस्को म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर शाळा आणि फुटबॉलचे मैदान येते. त्यांच्या सहीचा एक कागद मात्र फारसा कोणाला ठाऊक नाही.

जॉन बॉस्को ह्यांचा जन्म १६ ऑगस्ट १८१५ रोजी उत्तर इटलीतील बेक्की ह्या खेड्यात झाला. ते दोन वर्षांचेही नव्हते तेव्हा वडील वारले. आईने काबाडकष्ट करून मुले वाढवली. सावत्र भावाला जॉनचे शिकणे खुपत असे, म्हणून बाराव्या वर्षी आईने नाइलाजाने त्याला दुसऱ्याच्या शेतावर कामाला पाठवले. आजच्या भाषेत तो बालकामगारच.

१८४१ साली गुरुदीक्षा झाल्यावर ते तुरीन शहरात आले. तिथल्या तुरुंगात त्यांनी मिसरूडही न फुटलेले कैदी पाहिले. रस्त्यावर विटा वाहणारी, धुराडी साफ करणारी मुले दिसली. खेड्यातून एकटीच आलेली. मालकाने मारले, मजुरी बुडवली तर दाद कोणाकडे मागायची? ह्या मुलांना ते दर रविवारी जमवू लागले. १८४६ साली वाल्दोक्को येथे एक शेड मिळाली. त्याच वर्षी त्यांची आईही मुलांचे जेवण रांधायला, कपडे शिवायला तिथे येऊन राहिली.

पण रविवारचे खेळ आणि धर्मशिक्षण सोमवारचा मार कसा थांबवणार? म्हणून फादर आठवडाभर कारखान्यांतून फिरत आणि मालकांना लेखी करार करायला लावत. ८ फेब्रुवारी १८५२ चा असा एक करार जुझेप्पे ओदास्सो ह्या सुतारकाम शिकणाऱ्या मुलाचा आहे. मालकाने त्याला धंदा शिकवावा, चुकल्यास शब्दांनी समजवावे, हात उगारू नये. झेपेल तेवढेच आणि सुतारकामाचेच काम द्यावे. रविवार व सण मोकळे ठेवावेत, वर्षाला १५ दिवस रजा द्यावी. मालक, मुलगा, जामीन म्हणून त्याचे वडील आणि स्वतः डॉन बॉस्को, अशा सह्या.

हे अपुरे होते असे कोणी म्हणेल. मुले कामावर जातच राहिली. पण घरी चूल पेटत नसताना काम सोड असे सांगणे फादरांना जमले नसते. (सेमिनरीत दया आणि न्याय ह्यांतल्या फरकावर मी पानेच्या पाने लिहिली, तिथे हा कागद कोणी दाखवला असता तर बरे झाले असते.)

१८५० साली त्यांनी मुलांचा मदतनिधीही उभारला होता. दर रविवारी प्रत्येकाने एक नाणे टाकायचे. जो आजारी पडेल किंवा ज्याचे काम सुटेल त्याला त्यातून रोजची मदत. १८५३ पासून वाल्दोक्कोतच चपला-बूट बनवण्याचे व शिवणकामाचे वर्ग सुरू झाले, पुढे बुकबाइंडिंग, सुतारकाम, छपाई. आता धंदा शिकायला मालकाच्या दारात उभे राहण्याची गरज उरली नाही.

३१ जानेवारी १८८८ रोजी ते देवाघरी गेले. १९०६ साली त्यांचे सालेशियन धर्मबंधू तंजावरला उतरले आणि १९२८ साली आपल्या मुंबईत आले.