विद्यार्थी दादासाहेब फाळके

आपल्या भागात बासरच्या सरस्वतीपुढे मुलाच्या हाताने पाटीवर पहिले अक्षर गिरवून घेतात आणि शिक्षण सुरू होते. पण जी विद्या शिकवणारी शाळाच देशात नाही, ती शिकायची कशी? दादासाहेब फाळके यांचे चरित्र हेच सांगते.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील संस्कृतचे पंडित. मुलाचा ओढा चित्रकलेकडे पाहून त्याला १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत घातले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात ते चित्रकलेबरोबर छायाचित्रणही शिकले. पुरातत्त्व खात्यात सरकारी नोकरी लागली, पण स्वदेशीच्या काळात ती सोडून त्यांनी छपाईचा धंदा धरला. रंगीत छपाईसाठी १९०९ मध्ये जर्मनीलाही जाऊन आले. भागीदारांशी पटले नाही, तेव्हा तोही धंदा सोडला.

चाळिशीच्या उंबरठ्यावर, संसार पाठीशी असताना, मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. आपले राम-कृष्ण पडद्यावर असे कधी दिसतील, या विचाराने त्यांना झपाटले. मग रोज चित्रपट पाहणे, पुस्तके वाचणे, रात्र-रात्र प्रयोग. डोळे सुजले, काही काळ दिसेनासे झाले. उपचाराने दृष्टी आली आणि अभ्यास पुन्हा सुरू झाला.

१९१२ मध्ये विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते लंडनला गेले. तेथे सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम पाहिले, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा विकत घेऊन परतले. भांडवल देणाऱ्यांना खात्री पटावी म्हणून कुंडीतल्या वाटाण्याचे रोप उगवताना थोड्या-थोड्या वेळाने एकेक चित्र टिपले आणि काही क्षणांत रोप वाढताना दाखवले. तरी पैसा पुरेना, तेव्हा पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले. फिल्मच्या कडेला भोके पाडण्यापासून साऱ्या मंडळींच्या स्वयंपाकापर्यंत सर्व कामे त्या माउलीने केली. तारामतीच्या भूमिकेला स्त्री मिळेना, म्हणून अण्णा साळुंके यांना उभे केले. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला.

शिकलेले त्यांनी लपवून ठेवले नाही. चित्रपट कसा तयार होतो, हे दाखवणारा लघुपट काढला, त्यावर लेखही लिहिले. बोलपट आले, काळ बदलला. उत्तरायुष्य ओढाताणीत गेले आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांनी देह ठेवला.

पुढे १९६० मध्ये पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जागेत सरकारने चित्रपटाचे शिक्षण देणारी संस्था काढली. आज कॅमेरा मुलांच्या खिशात आहे. उद्या आपल्या भैंशातल्या एखाद्या मुलाने किंवा मुलीने हा अभ्यास करायचा म्हटले, तर पालकांनी एकदम नकार देऊ नये. पोट भरेल का, हा प्रश्न रास्तच आहे. तो जरूर विचारावा. पण त्याबरोबर एवढेही पाहावे, की वाटाण्याचे रोप उगवेपर्यंत थांबण्याची चिकाटी त्या लेकरात आहे का. असेल, तर विद्येची देवता गणराय पाठीशी आहेच.