दिवाण देवडीचे संग्राहक : तिसरे सालारजंग

वस्तू जमविण्याचा नाद मनुष्यास फार लहानपणीच लागतो. आमच्या कोकणी मुलखात चैत्र-वैशाख आला की मुलांचे खिसे काजूच्या बियांनी भरलेले असत. कोणाची बी मोठी, कोणाची वजनदार, कोणाची गुळगुळीत. खेळात त्या जिंकायच्या, आणि जिंकता न आल्या तर दोन देऊन एक घ्यायची, असा आमचा व्यवहार चाले. पुढे बियांची जागा पोस्टाच्या तिकिटांनी घेतली, आणि काड्यापेटीवरील चित्रेही कोणी कोणी जमविली. नाद मात्र तोच राहिला.

गेल्या वर्षी आपल्या शाळेत त्याचा एक नवा प्रकार पाहावयास मिळाला. एका विद्यार्थ्याच्या मावशीने त्यास अमेरिकेतून एक रंगीत पट्टा आणि त्यावर लावलेल्या, मिनाकाम केलेल्या धातूच्या पंधरा-वीस लहान पिना पाठविल्या होत्या. तिकडे डिस्ने यांच्या नावाने चालणारी मोठी करमणुकीची उद्याने आहेत. त्यांपैकी फ्लॉरिडातील उद्यानात १९९९ साली, नव्या सहस्रकाच्या उत्सवानिमित्त, अशा पिनांच्या अदलाबदलीची प्रथा सुरू झाली आणि तेथून ती इतर उद्यानांतही पसरली. तेथील सेवक गळ्यात पिनांचा पट्टा घालून हिंडतात. पाहुण्याने आपली एक पिन पुढे करावी आणि सेवकाच्या पट्ट्यावरील आवडेल ती एक मागून घ्यावी, अशी तेथील रीत आहे. देणारा आणि घेणारा, दोघेही त्यात समाधान पावतात.

आमच्या विद्यार्थ्याने मात्र यातील एकही पिन कोणास दिली नाही. पहिल्या दिवशी वर्गातील सारी मुले त्याच्याभोवती जमली. दुसऱ्या दिवशी हरवेल या भीतीने त्याने पट्टा पिशवीत घातला, आणि तिसऱ्या दिवशी पिशवीची गाठ घट्ट बांधली. आठवड्याभरात त्या पिनांची चौकशी करणारे कोणी उरले नाही. त्या बंद पिशवीकडे पाहताना मला आपल्याच शहरातील एका फार मोठ्या संग्राहकाची आठवण झाली, आणि त्याचे चरित्र तुम्हांस सांगावे असे वाटले.

आपल्या अंबरपेठेवरून वाहणारी मुसी नदी तुम्ही रोज पाहता. तिच्या काठाने वरच्या अंगास, जुन्या शहराच्या दिशेने गेले की दक्षिण तीरावर एक विस्तीर्ण पांढरी इमारत लागते. तेच सालारजंग संग्रहालय. तुमच्यापैकी बहुतेकांनी ते पाहिले असेल. परंतु ज्यांनी हा अफाट पसारा जमविला त्या पुरुषाविषयी फार थोड्यांस माहिती असते.

नवाब मीर युसूफ अली खान, म्हणजेच तिसरे सालारजंग, यांचा जन्म १३ जून १८८९ रोजी झाला. आपणा मराठी भाषकांस विशेष वाटावे अशी गोष्ट ही की हैदराबादच्या या थोर सरदाराचा जन्म पुण्यास झाला. त्यांचे आजोबा मीर तुराब अली खान, म्हणजे पहिले सालारजंग, हे १८५३ पासून १८८३ साली मृत्यू येईपर्यंत हैदराबाद संस्थानाचे दिवाण होते. खजिना रिता, सावकारांचे कर्ज डोक्यावर आणि वसुलीत गोंधळ, अशा स्थितीत त्यांनी कारभार हाती घेऊन तो मार्गी लावला. वडील मीर लायक अली खान, म्हणजे दुसरे सालारजंग, हेही १८८४ ते १८८७ पर्यंत दिवाण होते. परंतु पुत्रजन्मानंतर महिनाही लोटला नाही तोच, जुलै १८८९ मध्ये, त्यांचे पुण्यासच निधन झाले. अशा रीतीने या बालकास वडिलांचा सहवास लाभला नाही. लाभला तो केवळ मोठ्या घराण्याचा वारसा.

सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी या पोरक्या मुलाच्या पालनपोषणाकडे लक्ष पुरविले आणि पुढे सालारजंग हा किताब व घराण्याची जहागीर त्यास दिली. त्यांचे शिक्षण निजाम कॉलेजात झाले. १९११ साली सहावे निजाम वारले व मीर उस्मान अली खान गादीवर आले. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९१२ साली, महाराजा किशन प्रसाद यांच्या जागी युसूफ अली खानांची दिवाणपदावर नेमणूक झाली. त्या वेळी त्यांचे वय अवघे तेवीस वर्षांचे होते. ज्या वयात आजचा तरुण पदवी घेऊन नोकरीच्या शोधात फिरत असतो, त्या वयात हिंदुस्थानातील सर्वांत मोठ्या संस्थानाचा भार त्यांच्या खांद्यांवर आला.

तो भार त्यांनी फार काळ वाहिला नाही. १९१४ च्या अखेरीस ते दिवाणपदावरून दूर झाले, आणि निजामांनी कारभार स्वतःकडे घेतला. पुन्हा ते राजकारणात शिरले नाहीत. त्यांनी विवाहही केला नाही. हाती अमाप संपत्ती, पुढे मोकळे आयुष्य, आणि घरात ना पत्नी ना मूल. अशा स्थितीत कित्येक सरदारपुत्र व्यसनांच्या आहारी गेल्याची उदाहरणे आपल्या इतिहासात आहेत. सालारजंगांनी आपले मन वस्तूंत गुंतविले. पुढची सुमारे पस्तीस वर्षे, अगदी अंतकाळापर्यंत, ते वस्तू जमवीत राहिले.

या नादाचे बीज घरातच होते. आजोबांनी १८७६ साली युरोपचा प्रवास केला, तेव्हा रोम येथून बेंझोनी या इटालियन शिल्पकाराने घडविलेली रिबेकेची संगमरवरी मूर्ती आणली. वधूच्या मुखावरून उतरलेला झिरझिरीत पदर दगडातच कोरला आहे, आणि त्या पदरातून तिचा चेहरा दिसतो. आजही तिच्यापुढे उभा राहिलेला प्रेक्षक क्षणभर तो दगड आहे हे विसरतो. आजोबांनी असे काही वेचक नमुने आणले. नातवाने त्यांचा सागर केला.

चारमिनारपासून जवळच दिवाण देवडी नावाचा त्यांचा वाडा होता. तेथे देशोदेशींच्या व्यापाऱ्यांची सतत ये-जा असे. सालारजंग स्वतःही युरोपात व पश्चिम आशियात हिंडले आणि तेथून वस्तू घेऊन आले. त्यांची आवड एका प्रकारापुरती मर्यादित नव्हती. मोगल काळातील जेड दगडाच्या कट्यारी, टिपू सुलतानाच्या म्हणून दाखविल्या जाणाऱ्या हस्तिदंती खुर्च्या, चिनी मातीची भांडी, जपानी रेशमी कशिदा, इराणी गालिचे, युरोपातील काच व तैलचित्रे, आपल्याकडील ब्राँझच्या देवमूर्ती आणि लघुचित्रे, अरबी, फारसी व उर्दू हस्तलिखिते, असे सारे त्यांच्या वाड्यात एकत्र नांदू लागले. मौल्यवान वस्तूंबरोबर हातातल्या काठ्या आणि मुलांची खेळणीसुद्धा त्यांनी जमविली. आज संग्रहालयाच्या बालविभागात शिशाच्या चिमुकल्या शिपायांची जी फौज उभी आहे, तिच्यापुढून मुले हलत नाहीत.

त्यांच्या संग्रहातील दोन वस्तू तर हैदराबादेत घरोघर ठाऊक आहेत. पहिली म्हणजे कलकत्त्याच्या कुक आणि केल्व्ही या पेढीकडील नादमधुर घड्याळ. तास भरला की त्याच्या दारातून एक दाढीवाला लहानसा पुतळा बाहेर येतो, घंटेवर टोले देतो आणि पुन्हा आत जातो. दुसरी म्हणजे एकाच लाकडातून कोरलेली दुहेरी मूर्ती. समोरून ती ताठ उभा राहिलेला सैतान मेफिस्टोफिलीस दिसते; मागे ठेवलेल्या आरशात पाहावे तर तीच मूर्ती मान खाली घातलेली सात्त्विक मार्गारेटा होते. ही दोन्ही पात्रे जर्मन महाकवी गटे याच्या नाटकातील आहेत. एकाच लाकडाच्या दोन बाजूंस दुष्टता आणि साधुता उभ्या करणाऱ्या त्या कारागिराचे कौशल्य खरोखर अजोड आहे.

आता या चरित्राचीही दुसरी बाजू पाहणे आपले कर्तव्य आहे. एवढ्या वस्तूंसाठी लागणारा पैसा आला कोठून? तो आला जहागिरीतून. सालारजंगांच्या जहागिरीत शेकडो खेडी होती. आपल्या मराठवाड्यातील अजिंठा त्यांच्या जहागिरीतच होता आणि आज कर्नाटकात असलेला कोप्पळचा मुलूखही त्यांचाच होता. मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्या शेतकऱ्यांनी कसलेल्या जमिनीचा सारा दिवाण देवडीत जमा होई, आणि त्यातून रोम व पॅरिसच्या वस्तू येत. ज्याच्या कष्टावर रिबेका दिवाण देवडीत सुखाने उभी होती, त्या शेतकऱ्यास तिचे दर्शनही घडत नव्हते. सालारजंग रसिक होते, उदार होते आणि विद्वानांचे आश्रयदाते होते. तरीही त्यांचा संग्रह त्या काळी एका माणसाच्या वाड्यात बंद होता, हे सत्य आपण झाकून ठेवू नये.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले. जुने जग डोळ्यांदेखत ढासळत असताना, २ मार्च १९४९ रोजी, वयाच्या साठाव्या वर्षी सालारजंगांचे देहावसान झाले. त्याच वर्षी पुढे जहागिरी रद्द झाल्या. मागे औरस वारस कोणी नव्हता. दूरचे आप्त मात्र पुष्कळ होते आणि त्यांचे हक्कही होते. वाडा वस्तूंनी खच्चून भरला होता. आयुष्यभराचा तो मेळावा वाटण्या होऊन शंभर घरांत विखुरला जाणार, की लिलावाच्या हातोड्याखाली येऊन परदेशी परत जाणार, असा प्रश्न उभा राहिला. मोठमोठ्या संग्राहकांच्या मृत्यूनंतर असेच घडत आले आहे. जमविण्यास पस्तीस वर्षे लागतात; उधळण्यास पस्तीस दिवसही पुरतात.

सुदैवाने तसे घडले नाही. सरकारने मालमत्तेच्या व्यवस्थेसाठी समिती नेमली. डॉ. जेम्स कझिन्स या कलामर्मज्ञांच्या साहाय्याने दिवाण देवडीतच वस्तूंची मांडणी करण्यात आली, आणि १६ डिसेंबर १९५१ रोजी पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते संग्रहालय लोकांसाठी खुले झाले. ज्या देवडीत पूर्वी निमंत्रणावाचून पाऊल टाकता येत नसे, तिच्यात आता सामान्य माणूस मुलांचा हात धरून शिरू लागला. पुढे १९५८ साली आप्तांनी आपसांत तडजोड केली आणि संग्रह राष्ट्राच्या स्वाधीन झाला. १९६१ साली संसदेने कायदा करून त्यास राष्ट्रीय महत्त्वाची संस्था म्हणून मान्यता दिली, आणि १९६८ साली तो मुसीकाठच्या आजच्या इमारतीत आला. चाळीस हजारांहून अधिक कलावस्तू आणि हजारो हस्तलिखिते तेथे जतन केली आहेत. वारसांनी आपापला वाटा उचलून नेला असता तर प्रत्येकाच्या पदरी काही पेट्या आल्या असत्या, आणि हैदराबादच्या पदरी काहीच आले नसते. सालारजंगांच्या चरित्राबरोबर त्या आप्तांच्या या त्यागाचेही स्मरण आपण ठेवले पाहिजे.

विद्यार्थी मित्रहो, सालारजंगांनी एकही वस्तू आपल्या हाताने घडविली नाही. मूर्ती बेंझोनीची, घड्याळ कारागिरांचे, आणि पैसा शेतकऱ्यांचा. मग त्यांचे मोठेपण कशात? ते त्यांच्या दृष्टीत होते. वस्तू कोणत्या देशाची, कोणत्या धर्माची अथवा किती किमतीची, हे न पाहता ती घडविणाऱ्या माणसाचे कसब त्यांनी ओळखले. म्हणूनच देवमूर्ती आणि कुराणाची पोथी, बादशहाची कट्यार आणि मुलाचे खेळणे, ही एका छपराखाली आली. परंतु ही दृष्टी सफल केव्हा झाली, तर वाड्याचे दार उघडले तेव्हा. तोवर तो एका एकाकी माणसाचा विरंगुळा होता. त्यानंतर तो सर्वांचा ठेवा झाला.

मागच्या महिन्यात आम्ही आठवीच्या विद्यार्थ्यांस संग्रहालय पाहावयास नेले होते. घड्याळासमोर शेकडो माणसे मान वर करून बसली होती. शेतकरी, कामगार, बुरखा घेतलेल्या स्त्रिया, काखेत मूल घेतलेल्या माता, साऱ्यांची दृष्टी एकाच लहानशा दारावर खिळली होती. बाराचे टोले पडू लागताच सर्वांच्या मुखांवर एकदमच हसू उमटले. पिनांचा तो धनी माझ्या शेजारीच बसला होता. बारा टोले त्याने बोटांवर मोजले. परतताना बसमध्ये त्याने दप्तरातून ती पिशवी काढली, गाठ दातांनी सोडविली आणि पट्टा शेजारच्या मुलाच्या हाती दिला. अंबरपेठेस पोहोचेपर्यंत तो पट्टा सबंध बसमधून फिरून आला. त्यावरील दोन पिना बदललेल्या होत्या. आणि नव्या दोन पिना कोणाकोणाकडून आल्या, हे तो उतरताना मोठ्या कौतुकाने सांगत होता.