औंढ्याचे शिखर आणि अहिल्याबाई



आपल्या तालुक्याच्या गावाला, औंढ्याला, नागनाथाचे मोठे देऊळ आहे. बारा ज्योतिर्लिंगांत त्याची गणना होते. महाशिवरात्रीला आपण तिथं जातो, अरुंद पायऱ्या उतरून गाभाऱ्यात दर्शन घेतो आणि परत फिरतो. पण देऊळ बाहेरून कितीजण नीट बघतात? खालचा भाग काळ्या दगडाचा, हत्ती नि देवदेवता कोरलेला. वरचे शिखर मात्र साधे, पांढरे. खालचे काम यादवांच्या काळातले आहे. पुढे देवळाची मोडतोड झाली आणि वरचा भाग नव्याने बांधावा लागला. हा जीर्णोद्धार पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांनी केला. त्यांची ही थोडक्यात माहिती.

अहिल्याबाईंचा जन्म 31 मे 1725 रोजी चौंडी या खेड्यात झाला. हे गाव जामखेड तालुक्यात आहे. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील होते. त्या काळी मुलींना कोणी शिकवीत नसे, पण माणकोजींनी लेकीला लिहा-वाचायला शिकवलं. मल्हारराव होळकरांनी ही हुशार पोर आपला मुलगा खंडेराव याच्यासाठी पसंत केली. 1733 साली लग्न झालं, तेव्हा ती आपल्या तिसरीच्या मुलींएवढीच होती.

सासऱ्यांनी सुनेला घरात बसवून ठेवलं नाही. हिशेब, पत्रव्यवहार, फौजेची व्यवस्था, सगळं शिकवलं. 1754 साली कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव मारले गेले. अहिल्याबाई सती जायला निघाल्या. मल्हाररावांनी त्यांना विनवून थांबवलं. विचार करा, त्या दिवशी त्या थांबल्या नसत्या तर पुढचं काहीच घडलं नसतं!

1766 मध्ये मल्हारराव गेले. 1767 मध्ये एकुलता एक मुलगा मालेराव गेला. राज्य बळकावायला राघोबादादा फौज घेऊन आले. पण बाईंनी लढाईची अशी तयारी ठेवली की त्यांना माघार घ्यावी लागली. मग बाईंनी नर्मदेकाठी महेश्वर येथे राजधानी केली आणि 28 वर्षे राज्य केलं. फौजेचं काम तुकोजीराव होळकरांकडे दिलं. रयतेच्या तक्रारी बाई स्वतः ऐकत. त्यांनी विणकरांना आणून महेश्वरात वसवलं. तिथली लुगडी आजही नावाजलेली आहेत.

त्यांनी काशीला 1780 मध्ये विश्वनाथाचे देऊळ बांधले. 1783 मध्ये सोमनाथला आणि 1787 मध्ये गयेला देऊळ उभे केले. वेरूळच्या घृष्णेश्वराचाही जीर्णोद्धार केला. शिवाय ठिकठिकाणी घाट, विहिरी, धर्मशाळा आणि अन्नछत्रे झाली. यातली पुष्कळ ठिकाणे त्यांच्या राज्यात नव्हतीच. आपला मुलूख तेव्हा निजामाकडे होता. औंढ्याचा एक पैसा सारा त्यांना मिळत नव्हता. तरीही त्यांनी इथं खर्च केला. आणि असा धर्मादाय खर्च त्या सरकारी खजिन्यातून नव्हे, तर आपल्या खासगीतून करीत.

घरचं दुःख काही संपलं नाही. 1791 मध्ये जावई वारले आणि मुलगी मुक्ताबाई सती गेली. आईनं पुष्कळ समजावलं, पण उपयोग झाला नाही. तरीही बाईंनी राज्याचं काम सोडलं नाही. 13 ऑगस्ट 1795 रोजी महेश्वरला त्यांचा देहान्त झाला.

मुलांनो, पडलेलं पुन्हा उभं करायला पैसा लागतो, माणसं लागतात, वर्षं लागतात. कोरीव दगडावर खडूनं नाव लिहायला, मूर्तीचं नाक खरवडायला एक मिनिट पुरतं. यादवांच्या कारागिरांनी पाया दिला, अहिल्याबाईंनी शिखर दिलं. आता राखण्याचं काम आपल्याकडे आलं आहे. पुढच्या वेळी औंढ्याला गेलात की देवळाला प्रदक्षिणा घालताना मान वर करा आणि दोन्ही भाग बघा. सोबतच्या लहान भावंडांना ते कोणी बांधले हेही सांगा.

— इयत्ता सातवी